'नामूस' (१९२५): रूढीवरचा घाव की सोव्हिएत प्रचार?

पडदावेडा:
हामो बेकनझारियान यांचा मूकपट 'नामूस' (म्हणजे अब्रू) हा आर्मेनियाचा पहिला कथापट. त्याला प्रचारपट म्हणून मोडीत काढणं मला अजिबात पटत नाही. आजच्या अझरबैजानमधल्या शामाखी गावातली गोष्ट. सेयरान आणि सुसान यांचं लग्न बापांनी लहानपणीच ठरवलेलं, पण लग्नापर्यंत दोघांनी भेटायचं नाही ही रीत. ती चोरून भेटतात, गावभर बोभाटा होतो. मग घराची अब्रू सावरायला बाप बारखुदार सुसानला रुस्तम या व्यापाऱ्याच्या गळ्यात बांधतो. शेवटी तोच रुस्तम तिचा जीव घेतो. मूळ कादंबरी शिरवानझादे यांची, १८८५ची, आणि ते स्वतः शामाखीचे. तेव्हा बोल्शेविक होते कुठे?

वेशीबाहेर:
कादंबरी घरची, मान्य. पण १९२५ साली नेमकी तीच का निवडली? आर्मेनियात सोव्हिएत सत्ता १९२०च्या अखेरीस आली, सरकारी चित्रसंस्था १९२३ची. लगेच १९२६मध्ये याच दिग्दर्शकाचा यझिदी पंथाच्या कुर्दांवरचा 'झारे' आला. तिथेही मुलीवर डोळा ठेवणारा धनदांडगा आणि त्याला विकले गेलेले रशियन सम्राट झारचे अधिकारी! जुनं ते सगळं जुलमी. ऑटोमन तुर्कांनी केलेल्या १९१५च्या आर्मेनियन नरसंहारातून वाचलेली माणसं देशोधडीला लागलेली असताना पहिल्याच कथापटात त्यांच्या चालीरीतींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं निष्ठुर आहे.

पडदावेडा:
दुःखात असलेल्या समाजाच्या मुलींनी गप्प बसायचं का मग? आणि बारखुदार राक्षस नाही. जुन्या आर्मेनियन रंगभूमीवरच्या हॉव्हानेस आबेलियान यांनी तो केलाय. चारचौघांच्या तोंडाला भ्यायलेला बाप आहे तो.

ओवी:
सेयरानला तुम्ही दोघांनीही मोकळं सोडलंत. सुसान दुसऱ्याची झाल्यावर, ती आधी आपली होती असं खोटंच तो रागाच्या भरात बोलून बसतो. त्या बोलण्यावर रुस्तमचा हात उठतो. खरं काय ते सुसानला कुणी विचारतसुद्धा नाही. तिची अब्रू बापाच्या हातात, नवऱ्याच्या हातात, आणि प्रेम करणाऱ्याच्याही. नुसता प्रचारच करायचा असता तर निदान तरुण नायक तरी निष्कलंक ठेवला असता. मला हा चित्रपट पटतो तो याच जागी.

वेशीबाहेर:
ओवीताई, सेयरानबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण ते श्रेय शिरवानझाद्यांचं. माझा आक्षेप गोष्टीवर नाहीच. ती कुणाच्या पैशाने आणि कशासाठी पडद्यावर आणली, त्यावर आहे, आणि तो मी मागे घेत नाही.