अण्णांचं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) २.१ आलंय. म्हणजे कुपोषण का?

कृष्णाकाठ:
माझे वडील (वय ६४) न्यूमोनियामुळे तीन दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. काल नळीतून फीड सुरू केलं. अल्ब्युमिन २.१ आलंय. मामा म्हणतात, अल्ब्युमिनची बाटली लावायला सांग. पण वजन तर ५८ वरून ६३ झालंय! आहारतज्ज्ञ मॅडमनी मलाच विचारलं, "आजारपणाआधी जेवण किती होतं?" मला सांगता आलं नाही. कुपोषण आहे की नाही ते ठरतं कशावरून?

आहारतज्ज्ञ_आयसीयू:
ताई, चौदा वर्षं हेच काम करतेय. त्या मॅडमनी योग्य तेच विचारलं.

जंतुसंसर्गात यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं आणि असलेलं रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. त्यामुळे धडधाकट जेवणाऱ्या माणसाचंही ते खाली येतं. २.१ वरून आजार किती मोठा आहे ते कळतं, पोटात किती गेलं ते नाही. बाटलीने आकडा वर दिसेल, पोषण होणार नाही. वाढलेले पाच किलो म्हणजे सलाईनचं पाणी. पायावर अंगठा दाबून बघा, खळगा राहील.

मी पेशंटजवळ गेले की आधी कानशिलं बघते, मग गळ्याखालची हाडं आणि दंड. सूज असली तरी कानशिलांवरचा खोलगटपणा सहसा लपत नाही. पण सगळ्यात मोलाची माहिती घरच्यांकडेच असते: सहा महिन्यांपूर्वीचं वजन आणि ताटातलं जेवण. पेशंट तर बोलू शकत नाही. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन गेलं असेल तर ते गंभीर धरतात. आईंना विचारा ना.

वाट_पाहणारा:
आमच्या आईच्या वेळी मी रोज एकच विचारायचो: ठरवलेल्यातलं फीड प्रत्यक्षात किती गेलं? स्कॅन, तपासण्या यांसाठी ते सारखं बंद व्हायचं. नर्सताई चार्ट दाखवायच्या.

कृष्णाकाठ:
आईशी बोलले. दिवाळीआधीच्या शिबिरात वजन ६६ होतं. म्हणजे पाच महिन्यांत आठ किलो! दोन भाकरी खाणारे अण्णा महिनाभर अर्धी भाकरी दुधात कुस्करून खात होते. कपाटातला पट्टा काढला, तर खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं. आम्हाला कुणालाच दिसलं नाही.

आहारतज्ज्ञ_आयसीयू:
बारा टक्के. ताई, हे आत्ताच्या आत्ता ड्यूटी डॉक्टरांना सांगा, भोकांसकट. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर फीड दिलं तर फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येऊ शकतं आणि हृदयावर ताण येतो. म्हणून बी-१ जीवनसत्त्व देऊन, रक्त तपासत हळूहळू वाढवतात. ५८ किलोला पुढे दिवसाला साधारण १४५० कॅलरी लागतील, म्हणजे साध्या फीडचे तासाला ६० मिली. आज २० मिलीच चालू दिसलं तर घाबरू नका. फॉस्फरस तपासलाय का, एवढं मात्र विचारा.

कृष्णाकाठ:
सांगितलं. फॉस्फरस तपासला नव्हता. आत्ता रक्त घेऊन गेले.