झाशीची राणी रेजिमेंट प्रत्यक्ष लढली होती का?

प्रश्न – सांजतारा
आझाद हिंद सेनेतील झाशीची राणी रेजिमेंटविषयी शाळेपासून ऐकत आले आहे. परवा एका व्याख्यानात मात्र, ती तुकडी केवळ प्रचारापुरती होती आणि आघाडीवरच्या एकाही हल्ल्यात उतरली नाही, असे ठामपणे सांगण्यात आले. यात तथ्य किती?

प्रतिसाद – जुनी पाने
उत्तरार्ध खरा आहे, पूर्वार्ध पटण्याजोगा नाही. सुभाषबाबूंनी जुलै १९४३ मध्ये सिंगापुरात या रेजिमेंटची कल्पना मांडली, तिचे नेतृत्व डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन (पुढे सहगल) यांच्याकडे सोपवले आणि ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षण छावणी सुरू झाली. भरती झालेल्यांत मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतील मुली मोठ्या संख्येने होत्या; त्यांतल्या अनेकींनी भारत कधी पाहिलाही नव्हता. प्रचाराचा हेतू मुळीच नव्हता असे मी म्हणणार नाही, पण निव्वळ छायाचित्रांसाठी उभ्या केलेल्या तुकडीला रायफल, संगीन आणि मशीनगन कोणी शिकवत बसत नाही. १९४४ मध्ये त्यांतील काही जणींना ब्रह्मदेशात मेम्योपर्यंत नेले गेले; तथापि इंफाळची मोहीमच फसल्यामुळे त्यांच्या वाट्याला आले ते जखमी आणि आजारी सैनिकांच्या शुश्रूषेचे काम. एप्रिल १९४५ मध्ये रंगून सोडताना नेताजी स्वतः त्यांच्याबरोबर बँकॉकच्या दिशेने कित्येक मैल पायी चालले.

प्रतिसाद – रानवाट
सोव्हिएत संघाचे उदाहरण शेजारी ठेवले तर फरक नेमका कळतो. तेथे शत्रू घरात घुसला होता. १९४१ च्या अखेरीस मारिना रास्कोव्हा यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या तीन हवाई रेजिमेंट उभ्या राहिल्या. त्यांपैकी ५८८ व्या रेजिमेंटला मिळाली ती लाकूड आणि कापडाची, एरवी शिकाऊ वैमानिकांसाठी वापरली जाणारी पो-२ विमाने. रात्री लक्ष्याजवळ येताच इंजिन मंद करून त्या विमान तरंगत नेत, बॉम्ब टाकत आणि परत येऊन पुन्हा उड्डाण करीत. जर्मनांनी त्यांना ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हटले ते याचमुळे. वीसहून अधिक जणींना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च सन्मान मिळाला, तरी युद्ध संपताच १९४५ मध्येच ही रेजिमेंट बरखास्त झाली.

प्रतिसाद – जुनी पाने
बरखास्तीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडेही आझाद हिंद सेनेनंतर हा धागा तुटलाच. वैद्यकीय सेवा वगळता भारतीय लष्कराने स्त्री अधिकाऱ्यांना प्रवेश दिला तो १९९२ मध्ये, आणि त्यांच्या स्थायी कमिशनसाठी फेब्रुवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. तोफखाना २०२३ मध्ये खुला झाला.

प्रतिसाद – सांजतारा
दोघांचेही आभार. त्याच वक्त्यांचे पुढील महिन्यात आणखी एक व्याख्यान आहे; संगिनीचा प्रश्न तेथे विचारणार आहे.