गच्चीवरची हळद: शिजवायची की कापून वाळवायची?

विश्रामबाग_गच्ची
सांगलीत गच्चीवर आठ ग्रो-बॅगांत सेलम हळद आहे. जूनच्या सुरुवातीला लावलेली, आता पाला पिवळा पडून आडवा झालाय. एप्रिलअखेर घरात लग्न आहे, हळकुंडं आणि पूड दोन्ही घरचीच हवीत. एवढ्याशा मालासाठी शिजवायचा घाट घालावा का? कुकर चालेल का? मिक्सरला हळकुंड दळतं का?

कृष्णाकाठ
लग्नाला अख्खं हळकुंड लागणार, म्हणजे शिजवणं आलंच.

पाणी आजपासून बंद. पाला बोटभर ठेवून कापा आणि दहा-पंधरा दिवसांनी बॅग आडवी करून रिकामी करा. खुरपं खुपसू नका, जखम झालेला कंद वाळताना बुरशी धरतो. माती धुऊन जेठे गड्डे (मधले जाड मूळ कंद) आणि त्यांना फुटलेली हळकुंडं वेगळी करा. एकत्र शिजवलीत तर हळकुंडं होईपर्यंत गड्डा आत कच्चाच राहतो.

काढल्यावर दोन-तीन दिवसांत शिजवा. पातेल्यात कंद बुडून वर दोन बोटं पाणी, झाकण, मध्यम आच. पाऊण ते एक तास लागतो, पण घड्याळापेक्षा खुणा बघा: फेस येतो, हळदीचा वास सुटतो आणि टोकदार काडी दाबल्यावर आरपार जाते. त्याच्या पुढे गेलात तर रंग मरतो. अलीकडे थांबलात तर हळकुंड वाळून ठिसूळ होतं. कुकर म्हणूनच नको, आत काय चाललंय ते कळत नाही. सोडा-बिडा काही घालायचं नाही.

उन्हात एकेरी थर, रोज परतायचं. सूर्य कलला की झाकायचं, नाहीतर दवाने पुन्हा ओल धरते. दहा-पंधरा दिवसांनी मोडून बघा: कट् असा आवाज आला पाहिजे. नुसतं वाकलं तर अजून ऊन दाखवा. मग गोणपाटात घालून दोघांनी दोन टोकं धरून घुसळा, साल आणि मुळ्या निघतात.

पाच किलो ओल्याची जेमतेम किलोभर वाळकी होते. पहिल्या ढिगाकडे बघून अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायला नको!

मिरजेची_सुगरण
नुसती स्वयंपाकाची पूड हवी असेल तर एवढा खटाटोप मला पटत नाही. ओली हळद साल खरवडून दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करा, पातळ कापडाखाली वाळवा. चार-सहा दिवसांत कुरकुरीत होतात आणि मिक्सरला सहज दळतात. वास थोडा उग्र राहतो, आमटीत कळत नाही. जाड चकती मात्र बाहेरून वाळते, आत ओल राहते आणि डब्यात महिनाभरात बुरशी येते.

शिजवलेलं अख्खं हळकुंड मिक्सरला घालू नका, पातं जाईल. आधी खलबत्त्यात गव्हाएवढे तुकडे करा, किंवा कांडपावर द्या. तिथे मिरचीनंतर नंबर लागला तर पहिली ओंजळभर पूड बाजूला काढा. ती नवरीच्या अंगाला लावायची नाही, भाजीला चालेल.

ओटीला आणि कंकणात बांधायला सरळ, न मोडलेली हळकुंडं पॉलिश करण्याआधीच निवडून ठेवा. घुसळताना टोकं तुटतात.

कृष्णाकाठ
चकत्यांचं मान्य, पण पूड लागेल तेवढीच करा. उजेडात रंग फिका पडतो. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांतही हळद अख्खीच ठेवत, जमिनीखाली, हवा-उजेड बंद करून. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. घरी स्टीलचा घट्ट डबा पुरे.

विश्रामबाग_गच्ची
ठरलं, लग्नापुरती हळकुंडं शिजवते, बाकीच्या चकत्या. बेणं कोणतं ठेवू? एका बॅगेतले कंद मऊ लागतायत.

बेणेवाला
मऊ असेल तर कंदकूज. दाबून पाणी आलं तर ती बॅग मातीसकट बाद, ती माती पुन्हा हळदीला किंवा आल्याला वापरू नका. कारण बहुतेक वेळा एकच: तळाची भोकं बुजलेली आणि पावसात पाणी साचलेलं.

बेण्याला निरोगी जेठे गड्डे, पन्नास ग्रॅमच्या आसपासचे, न धुता, मुळ्या काढून. सावलीत कोरड्या वाळूत ठेवा, वर हळदीचाच वाळका पाला. गच्चीच्या खोलीत पत्र्याखाली मे महिन्यात ते सुकून जातात, जिन्याखाली ठेवा. अक्षय्य तृतीयेनंतर डोळे फुगले की लावा. बॅग दोन-तृतीयांशच भरा, कारण अडीच-तीन महिन्यांनी भर द्यावी, म्हणजे बुंध्याशी माती चढवावी लागते. कंद उघडा पडला की कंदमाशी तिथेच अंडी घालते.