सोनेरी संध्याकाळ, पण कोणाच्या घरातली?

दिवाभीत: काल इथे एकाने लिहिलं, १९६०च्या दशकातली ब्रिटिश टीव्हीची एक संध्याकाळ आजच्या शंभर वाहिन्यांना भारी. 'वाहिन्या दोन-तीनच, पण भिकार काहीच नाही.' अहो, 'ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो'मध्ये गोरे गायक काळ्या लोकांची नक्कल म्हणून तोंडाला काळं फासून नाचायचे. १९५८ ते १९७८, वीस वर्षं! १९६७ला विरोधाचा अर्ज गेला, बीबीसी ढिम्म. माझे बाबा १९६४ला बर्मिंगहॅमला आले. घरमालकीण शनिवारी कौतुकाने टीव्ही बघायला खाली बोलवायची. तो कार्यक्रम लागला की मान वळवून बाबांकडे बघून हसायची. तिसऱ्या शनिवारपासून बाबांचं डोकं दुखायला लागलं, ते वरच बसायचे.

टेम्सकाठ: बाबांबद्दल वाईट वाटलं. पण एका कार्यक्रमापायी अख्खं दशक मोडीत? १६ नोव्हेंबर १९६६ला बीबीसीवर 'कॅथी कम होम' हे नाटक लागलं. बेघर होत जाणारं कुटुंब, सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी पाहिलं, संसदेत विषय निघाला. तुमच्या शंभर वाहिन्यांनी संसदेत काय नेलंय? 'फोर्साइट सागा' या मालिकेसाठी तर काही चर्चनी संध्याकाळची प्रार्थना अलीकडे घेतली.

खवचट_काकू: ते १९६८ला, बीबीसी वनवर पुन्हा दाखवली तेव्हा. आधी ती बीबीसी टूवर होती आणि ती वाहिनी बघायला ६२५ रेषांत चित्र दाखवणारा नवा सेट लागे. आमच्याकडे ४०५चा जुना डबा, बसा हात चोळत. आणि त्या बीबीसी टूचं उद्घाटन, २० एप्रिल १९६४! बॅटरसीच्या वीजकेंद्रात आग, लंडनच्या मोठ्या भागात अंधार, कार्यक्रम बोंबलला. डोंबिवलीकरांनी उगाच लाज बाळगू नये.

दिवाभीत: आपल्यासाठी काय होतं तेही सांगा ना, टेम्सकाठ. ऑक्टोबर १९६५पासून 'अपना ही घर समझिए', हिंदी-उर्दूत. वेळ? रविवारी सकाळी! घर आपलं समजा, पण बाकीचे उठायच्या आत.

टेम्सकाठ: बरं बाबा, बीबीसीने चूक केली, मीच माफी मागतो, झालं? तरी उरलेलं आजही बघवतं.

रिकामटेकडा: 'उरलेलं'! तिथेच तर मेख आहे. टेप महाग, पुन्हा दाखवायचं तर कलाकारांच्या संघटनेच्या अटी, म्हणून पुसून वर दुसरंच मुद्रित केलं. 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचेसुद्धा कितीतरी भाग गेले. चाळणीत राहिलं ते बघून तुम्ही धान्याचा भाव सांगताय.

खवचट_काकू: कसली चाळणी? चाळणारा निदान बघतो तरी! इथे चांगलंवाईट एकाच फडक्याने पुसलं.

टेम्सकाठ: म्हणजे चांगलंही होतं. धन्यवाद, काकू.

खवचट_काकू: तुमची बाजू घेतलेली नाही. टेप पुसणाऱ्यांवर माझा वेगळा राग आहे.

रिकामटेकडा: 'डॉक्टर हू'च्या हरवलेल्या भागांचा आवाज तरी आहे, घरोघरी पोरांनी टेपरेकॉर्डरवर घेतलेला.

खवचट_काकू: आमच्या दादानेही घेतला होता, टीव्हीपुढे माइक धरून. मध्येच आई ओरडते, "मेल्यांनो, पोळ्या गार होतायत!" पुढचं काही ऐकू येत नाही, कारण दादा तिच्याशी भांडतोय.

टेम्सकाठ: ती टेप आहे का अजून?

खवचट_काकू: वहिनीने त्यावर भजनं घेतली.