येताना वारा पाठीशी असूनही ६० किमीनंतर पाय चालत नाहीत, काय करावं?

औसेकर गुरुजी:

नमस्कार मंडळी.

मी औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गणित शिकवतो. वय ४४. गोव्याच्या ‘सत्तर पॉइंट तीन’ला नाव घातलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: समुद्रात १.९ किमी पोहायचं, बाहेर आलं की ९० किमी सायकल, ती ठेवली की २१.१ किमी पळायचं, सगळं साडेआठ तासांत. मैलांत बेरीज ७०.३ होते म्हणून हे नाव. शर्यतीला चौदा आठवडे उरलेत.

पोहण्याची मला भीती नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला माणूस आहे, आता लातूरला तलावावर जाऊन दम वाढवलाय. पळणंही जमायलंय. अडायलंय ते सायकलवर.

दर रविवारी पहाटे साडेपाचला निघतो. तुळजापूरच्या रस्त्यानं ४५ किमी जातो, काक्रंब्याच्या अलीकडून वळतो. सध्या पावसाळी वारा पश्चिमेचा, जाताना सरळ तोंडावर येतो. तरी मी २७-२८ च्या खाली वेग येऊ देत नाही. ४५ किमी १ तास ३८ मिनिटांत होतात. वळल्यावर वारा पाठीशी, तिथून तर उडत यायला पाहिजे. पण ६० किमीच्या आसपास पायातला जीवच जातो. मळमळतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मान धरते, सीटवर बसवत नाही. परतीच्या ४५ ला २ तास ५ मिनिटं लागायलेत. वेळेत बसतं म्हणा, पण त्यानंतर २१ किमी पळायचं कशाच्या जोरावर?

मागच्या रविवारी रस्त्याकडेच्या कडुलिंबाला सायकल टेकवली आणि मला रडू आलं. एक ट्रॅक्टरवाला थांबला, “काय झालं गुरुजी, पडलाव का काय?” म्हणाला. पडलो नव्हतो. काय झालं ते मलाच सांगता येईना.

खाणं: निघताना चहा आणि दोन बिस्किटं, वळताना एक केळं. साध्या पाण्याच्या दोन बाटल्या. सायकल पुण्याहून जुनी घेतलेली, रोडबाइक, वर कोपरं टेकवायचा एरोबार लावलाय. वय झालंय म्हणून होतंय, का सायकल चुकीची आहे, का मीच कमी पडायलोय? ज्यांनी हे केलंय त्यांनी स्पष्ट सांगावं.

धाराशिवची सिस्टर:

गुरुजी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. त्या लिंबाखाली मीही बसून आलेय, फक्त माझं झाड परदेशात होतं.

मी ५१ वर्षांची, सरकारी दवाखान्यात नर्स. पूर्ण अंतराची (३.८ किमी पोहणं, १८० सायकल, ४२.२ पळणं) माझी पहिली शर्यत अस्तानाला, कझाकस्तानात. रस्ता आपल्या माळासारखाच सपाट आणि आडोसा कुठेही नाही. वाऱ्यात मी तुमच्यासारखीच भांडले. घड्याळात २८ दिसलं पाहिजे म्हणजे पाहिजे. १०० किमीला पोट बंद झालं. गोड नको वाटायला लागलं म्हणून नुसतं पाणी पीत गेले, बाटलीमागून बाटली. १३८ व्या किमीला खायची पुडी हातात धरली आणि ती फाडताच येईना. बोटं चिमटीत येत होती, पण कुठल्या बाजूला ओढायचं तेच डोक्याला कळत नव्हतं. दातांनी प्रयत्न केला, प्लास्टिकचा कोपरा दातात तसाच राहिला. मग सायकल आडवी केली आणि रस्त्याच्या कडेला बसले. डॉक्टरांच्या तंबूत रक्त तपासलं तर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, १२९. ते १३५ ते १४५ असावं लागतं. वॉर्डात मी रोज असे रिपोर्ट बघते, आणि स्वतःच्या बाबतीत मला कळलं नाही.

म्हणून वयाचा विषय आधी सोडून द्या. तुमची चूक ६० व्या किमीला होत नाही, ती पहिल्या ४५ मध्ये होते. ६० ला फक्त बिल येतं.

तुम्ही गणिताचे आहात, म्हणून गणितच मांडते. तुमचा वेग २८ आणि समोरून वारा समजा १५ चा. म्हणजे तुमच्या छातीला लागणारी हवा ४३ ची. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ४३ चा वर्ग १८४९, २८ चा ७८४. वारा पडलेला असताना जेवढी हवा फाडावी लागली असती, तिच्या जवळजवळ २.४ पट तुम्ही दीड तास फाडत होता. शरीरात साठवलेली साखर त्या जोरावर दीड-दोन तासांत संपते. येताना वारा पाठीशी होता हो, पण तोपर्यंत ढकलायला आत काहीच उरलं नव्हतं.

तोंडावर वारा असला की वेगाकडे बघायचंच नाही. मी घड्याळाच्या काचेवर चिकटपट्टी लावून सराव केलाय. जोर कसा मोजायचा? हृदयाचे ठोके मोजायचा पट्टा असेल तर उत्तम. नसेल तर एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणा. मध्ये श्वासासाठी थांबावं लागलं तर जोर जास्त आहे, गिअर हलका करा. पाय मिनिटाला ८०-९० फेऱ्यांनी फिरू द्या. २८ चे २१ झाले तरी होऊ द्या. बाजूनं कुणी पुढं गेलं तर जाऊ द्या. हे सगळ्यात अवघड आहे, मला दोन वर्षं लागली.

आता खाणं. चहा-बिस्किटं आणि एका केळ्यावर चार तास? इथं मी तुम्हाला रागावणार. सायकल हाच या शर्यतीतला जेवायचा वेळ आहे. पोहताना खाता येत नाही, पळताना पोटात हिंदकळतं. ताशी ६० ग्रॅम कर्बोदकं हे पहिलं लक्ष्य धरा, पोट सरावलं की वाढवा. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे तुमच्या एका केळ्यानं अर्धा तासही भागला नाही. सुपारीपेक्षा थोडा मोठा गुळाचा खडा साधारण २० ग्रॅमचा, तो जवळजवळ सगळा साखरच. गुळात आणि साखरेत ग्लुकोज-फ्रुक्टोज दोन्ही असतात, आतड्यात दोघांच्या वाटा वेगळ्या, त्यामुळे एकट्या ग्लुकोजपेक्षा जास्त पचवता येतं. शर्यतीसाठी पुडीत मिळणारी महागडी एनर्जी जेल घेतलीच पाहिजे असं काही नाही. मी बिया काढलेला खजूर आणि गूळ खलबत्त्यात कुटते, चिमूटभर मीठ घालते आणि बोराएवढ्या गोळ्या करून बटर पेपरात सैल गुंडाळते. सैल गुंडाळायचं कारण आता तुम्हाला कळलं असेल. पहिली गोळी निघाल्यापासून पंधराव्या मिनिटाला, भूक असो नसो. पुढं दर वीस मिनिटांनी. भूक लागल्यावर खाल्लेलं त्या दिवशी उपयोगी पडत नाही.

वाटेतल्या उजनीची बासुंदी घरी आल्यावर. येताना थांबत असाल तर तेही मळमळीचं एक कारण. दूध आणि एवढी साय पोटात रेंगाळते.

पाणी: ५०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. एका बाटलीत हे, दुसरीत साधं पाणी. (बीपी असेल तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.) किती प्यायचं हे तुमचं शरीर सांगेल. निघण्याआधी आणि आल्यावर कपडे काढून वजन करा. एक किलो घटलं म्हणजे प्यायलात त्याहून साधारण एक लिटर घाम जास्त गेला. वजन वाढलेलं निघालं तर तुम्ही जास्त पाणी पिताय, आणि तेच जास्त धोक्याचं.

आपल्याकडं उन्हाळ्यात घाम दिसतच नाही, कोरड्या हवेत तो वाळून जातो. घरी आल्यावर जर्सीच्या पाठीवर पांढऱ्या रेघा दिसतात, मिठागरासारख्या. गोव्यात उलटं होईल. दमट हवेत घाम टपकत राहील पण वाळणार नाही, त्यामुळे अंग गार होणार नाही. तिथं इथल्यापेक्षाही कमी जोर लावा आणि मिळेल तिथं डोक्यावर, मानेवर पाणी ओता.

राहिलं मन. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणारी माणसं तुम्ही दरवर्षी त्याच रस्त्यावर बघता. त्यातल्या एखाद्या म्हातारीला विचारा, अजून किती राहिलं आई? ती तुळजापूर सांगत नाही. पुढच्या गावचं नाव सांगते. दुसऱ्या वेळी मी १८० किमी तसेच केले, गावागावानं. ७ तास २० मिनिटं लागली आणि उतरल्यावर पळता आलं.

लातूरचा सायकलवाला:

सिस्टरताईंनी एवढं सांगितलंय की मी फक्त माझ्या कामाचं बोलतो. आमचं सायकलचं दुकान आहे, वडिलांपासून.

सर, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतंय म्हणजे तळहाताच्या कडेला नस दाबायलीय. तुम्ही हातावर वजन टाकून बसताव. मला वाटतं पुण्याची सायकल तुम्हाला एक साइज मोठी आहे, हँडल लांब पडतंय. स्टेम (हँडल सायकलला जोडणारा दांडा) आखूड टाकून बघा, आठशे-हजारात काम होतं. सीटचं नाक खाली झुकलंय का तेही बघा, झुकलं असलं तर माणूस पुढं घसरतो आणि सगळा भार हातावर येतो. पाण्याची पातळी बघायची लेव्हल-पट्टी गवंड्याकडून आणा, सीटवर ठेवा आणि सपाट करा. उंचीसाठी भिंतीला धरून बसा, टाच पॅडलवर ठेवून पाय खाली न्या, गुडघा सरळ व्हायला पाहिजे. मग पंजा ठेवला की थोडा वाक आपोआप येतो. एकदम बदलू नका, आठवड्याला पाच मिलीमीटर.

एरोबारवर सलग वीस मिनिटं पडून राहू नका. मान तिथंच धरते. दहा मिनिटं झाली की उठा, उभं राहून चार पॅडल मारा, परत बसा.

आणि गादीवाल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालत असाल तर आजपासून बंद. लाजू नका, दुकानात येणाऱ्या दहापैकी सात जणांचं तेच असतं. त्या शिवणीनं कातडं सोलतं. व्हॅसलीन लावा.

पंक्चरचं तुम्ही लिहिलं नाही, पण त्या रस्त्याच्या कडेला सराटे लई. नुसती ट्यूब बदलून हवा भरू नका. टायर पूर्ण उलटा करा, आतून कापसाचा बोळा फिरवा. काटा आत मोडलेला असतो, डोळ्याला दिसत नाही, पण कापसाचा तंतू त्याला अडकतो. तिथंच नखानं काढा. नाहीतर नवी ट्यूब दोन किलोमीटरवर परत बसते. मी तर सांगेन, घरी अंगणात डोळे बांधून चार वेळा ट्यूब बदला. शर्यतीत तुमच्या मागं मी नसणार.

संभाजीनगरहून:

एक गोष्ट राहिली. गोव्यात पुढच्या सायकलच्या आडोशानं चालवता येत नाही. १२ मीटर अंतर ठेवावं लागतं, ओलांडायचं तर ठरलेल्या सेकंदांत ओलांडून पुढं निघायचं, नाहीतर दंडाची मिनिटं बसतात. आम्ही पैठण रोडला आठ-दहा जण रांगेत जातो आणि ९० किमी सहज होतात, पण तो सराव या शर्यतीला पुरत नाही. मी ते स्वतः भोगलंय, एकटी पडल्यावर पन्नासाव्या किमीलाच संपले होते. त्या मानानं तुम्ही एकटे चालवता हे चांगलंच आहे, सर.

शिवाय दर रविवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या बूट बदलून पंधरा मिनिटं पळा, कितीही हळू. पहिला किलोमीटर पाय दुसऱ्याचे वाटतात. ते गोव्यात पहिल्यांदा वाटायला नको.

औसेकर गुरुजी:

सगळ्यांचे मनापासून आभार. मुद्दाम तीन रविवार थांबून लिहायलोय.

पहिल्या रविवारी पाढा म्हणत गेलो. एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीसला अडकलो, तेव्हा वेग २६ होता. हलका गिअर टाकला. उजनीपर्यंत तीन सायकलवाले पुढं गेले, त्यातला एक माझाच जुना विद्यार्थी. सिस्टरताई, जाऊ देणं खरंच अवघड आहे.

काल तिसरा रविवार. वारा तसाच होता. जाताना ४५ किमीला २ तास २ मिनिटं. वळताना मनात आलं, आज चार तास लागणार. येताना १ तास ३२. एकूण ३ तास ३४ मिनिटं, म्हणजे आधीच्यापेक्षा ९ मिनिटं कमी. हा हिशेब मी घरी येऊन फळ्यावर परत मांडला, कारण माझा विश्वास बसेना.

तो लिंब ६३ व्या किमीला येतो. तिथं पोचलो तेव्हा गोळी खायची वेळ झाली होती, बटर पेपर एका हातानं उघडला आणि चालत्या सायकलवर खाल्ली. पुढं औशापर्यंत थांबलो नाही. फाट्यावर सायकल पोराच्या हातात दिली आणि ५ किमी पळालो. पहिला किलोमीटर लाकडाचे पाय, दुसऱ्यापासून माझे.

स्टेम बदलला, बधिरपणा गेला. मान अजून थोडी धरते. वजन कृषी दुकानातल्या काट्यावर केलं, जाताना ७१.४ आणि आल्यावर ७०.१. सिस्टरताई, चार बाटल्या पिऊनही १.३ किलो घट आहे. गोव्याच्या हवेत ही वाढेल ना? मग तिथं ताशी किती प्यायचं धरू, आणि मीठ त्याच मापानं वाढवू का?