मदत हवी आहे: आईला सीपॅपच्या संशोधनात सहभागी होऊ द्यावं का?

आईचं वय ६३. तीन महिन्यांपूर्वी स्लीप स्टडी झाली, एएचआय ३४ निघाला. म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३४ वेळा श्वास थांबतो किंवा अडखळतो; ३० च्या पुढे गेलं की हा आजार, स्लीप ॲप्निया, तीव्र समजतात. तोवर आम्ही सगळे नुसतं ‘आई घोरते’ म्हणायचो. एका रात्री शेजारी बसून ऐकलं तेव्हा कळलं. घोरणं मध्येच बंद पडतं, छाती हलत राहते पण हवा आत जात नाही, आणि मग ती गचका देऊन श्वास ओढते. मधल्या शांततेत मी आकडे मोजत होते.

सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाचा मार्ग उघडा ठेवणारं मशीन, घरी आलंय. पण रात्री दोन-अडीचला तिच्याही नकळत मास्क निघालेला असतो. नाकाच्या हाडावर लाल वळ उठतो, फट राहिली की हवा डोळ्यांत जाते. मशीनमधल्या नोंदीत वापर सरासरी साडेतीन तास.

आता डॉक्टरांनी संशोधनात सहभागी व्हाल का विचारलंय. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला शिवाय पहिले काही आठवडे फोनवरून पाठपुरावा आणि गरजेनुसार मास्क बदलून. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार. सीपॅप कुणाचंच बंद होणार नाही आणि कधीही बाहेर पडता येईल, असं संमतीपत्रात लिहिलंय.

दादा म्हणतो, मशीनचाच उपयोग नाही तर सही कशाला. त्याचा आधार सीपॅपवरची २०१६ ची ‘सेव्ह’ नावाची चाचणी. मी ती नीट वाचली. २,७१७ जण, सगळ्यांना आधीपासून हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार, आणि सीपॅपने हार्ट अटॅक, पक्षाघात कमी झाले नाहीत हे खरंच. पण त्यांचा वापर रात्री सरासरी ३.३ तासच होता! दिवसा अतिशय झोप येणाऱ्यांना तर त्यात घेतलंच नव्हतं. आई फोनवर बोलता बोलता झोपते. त्याच चाचणीत दिवसाची पेंग मात्र कमी झाली होती, आणि मला आत्ता आईसाठी तेवढं मिळालं तरी खूप आहे.

अशा संशोधनात कुणाच्या घरचं माणूस होतं का? नेहमीच्या उपचारांच्या गटात गेल्यावर दुर्लक्ष झाल्यासारखं वाटलं का? सही करण्याआधी डॉक्टरांना आणखी काय विचारू?

आणि गट कुठलाही मिळो, मास्क पहाटेपर्यंत टिकवायला तुम्ही काय केलंत? फक्त नाकपुड्यांशी बसणारा मास्क, हवा दमट करणारा ह्युमिडिफायर, दिवसा जागेपणी लावून सवय करणं, यातलं काय कामी आलं? तिला नाक चोंदण्याचा त्रास आहे, तोंड उघडं ठेवून झोपते. सोमवारी पुन्हा डॉक्टरांकडे जायचंय.