मदत हवी आहे: टाकी भरल्याचा बझर तीन आठवड्यांत बंद पडला, आणि पुढे मोटर जोडावी का?

नमस्कार मंडळी,

कोपरखैरण्यात आमचं सिडकोचं छोटं रो-हाऊस आहे. खाली जमिनीतली टाकी, गच्चीवर पाचशे लिटरची काळी टाकी आणि पाणी चढवायला अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर. सकाळी मोटर लावून मी डब्यांच्या मागे लागते आणि टाकी वाहायला लागली की शेजारच्या काकूंची हाक येते. त्यांच्या भिंतीला आता ओल धरलीय. त्या कधी एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, म्हणून तर जास्तच लागतं मनाला.

तेव्हा ठरवलं, टाकी भरली की स्वयंपाकघरात बझर वाजला पाहिजे, आणि तो मीच बनवायचा. तयार मिळतो हे माहीत आहे. पण गेले सहा महिने रोज रात्री सगळं आवरलं की मी तासभर इलेक्ट्रॉनिक्स शिकतेय, आणि घराच्या उपयोगी पडेल अशी एक तरी वस्तू स्वतःच्या हातची असावी असं फार वाटतं.

मी कॉमर्सची. ओहमचा नियम शाळेत पाठ केला होता, समजला आत्ता, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी लावताना. एलईडीवर दोनेक व्होल्ट पडतात, उरलेले सात रेझिस्टन्सवर. सात भागिले ४७० ओहम, म्हणजे साधारण १५ मिलिअँपिअर. मीटर लावला तर १४.६ आले. वहीत त्या आकड्याभोवती मी चौकट काढून ठेवलीय. मग ५५५ टायमर या छोट्या चिपवर सेकंदाला एकदा लुकलुकणारा दिवा केला (१० के आणि ६८ के, म्हणजे किलोओहमचे रेझिस्टन्स, आणि १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर). तो एक अख्खी संध्याकाळ पेटला नाही, कारण लांब ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता भाग खोचायची भोकांची पाटी) कडेची प्लस-मायनसची पट्टी मध्यावर तुटलेली असू शकते हे मला ठाऊक नव्हतं. नवीन कोणी वाचत असेल तर लक्षात ठेवा: कडेची लाल रेघ मध्येच थांबलेली दिसली, की तिथे जंपर टाकायचा.

आता मूळ अडचण. बझरचं सर्किट असं आहे: बॅटरीच्या प्लसपासून एक तांब्याची तार टाकीत. दुसरी तार टाकीतून परत खाली, १० केमधून बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेस या पायाला. त्याचा दुसरा पाय एमिटर मायनसला, तिसऱ्या म्हणजे कलेक्टरमध्ये बझर. पाणी दोन्ही तारांना टेकलं की बेसला थोडा करंट जातो आणि बझर वाजतो. पहिल्या दिवशी वाजला तेव्हा मी आणि लेक गच्चीवर धावत गेलो. पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या बोटभर खाली होतं.

तीन आठवडे छान चाललं. मग आवाज बारीक होत गेला आणि परवा टाकी वाहिली तरी बझर गप्प. बॅटरी बदलली, फरक नाही. वर जाऊन तारा काढल्या. प्लसची तार उघडी बोटाच्या एका पेराएवढी ठेवली होती, ती आता तांदळाच्या दाण्याएवढी उरलीय आणि तिच्यावर हिरवट-निळी पूड बसलीय. दुसरी तार मात्र जशीच्या तशी. मीटरने पाण्याचा ओहम मोजायला गेले तर आकडा एका जागी ठरतच नाही, वर वर सरकत राहतो. त्यात गेल्या आठवड्यात दोनदा, पाऊस पडत असताना, टाकी अर्धी रिकामी असूनही बझर बारीक कुईं-कुईं करत होता.

एकच तार का खाल्ली गेली? ते तांबं आमच्या वापरायच्या पाण्यात गेलंय का, आणि गेलं असेल तर किती? बिनपाण्याचा आवाज कुठून येतो? आणि सगळ्यात मोठा प्रश्न: बझरच्या जागी रिले (छोट्या करंटने चालणारा स्विच) लावून मोटर आपोआप बंद करावी असं मनात आहे. तशी बरीच सर्किटं पाहिली, पण हात धजत नाही. मागे जुना मोबाइल चार्जर उघडून पाहत होते. पिन भिंतीतून काढलेली होती, तरी बोट मागच्या बाजूला लागलं आणि असा झटका बसला की चार्जर हातातून उडाला. नंतर कळलं की आतल्या कॅपॅसिटरमध्ये २३० व्होल्टचं शिखर, म्हणजे सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठलेलं असतं. लेक शेजारीच बसली होती. तेव्हापासून मी बॅटरीच्या पुढे गेलेले नाही. जाऊ का, आणि गेले तर कशी?

शंभर_ओहम: ताई, सर्किट बरोबर आहे, प्रश्नही नेमके विचारलेत. आधी एक सांगा, बझर बंद करायचा स्विच कुठे बसवलाय?

धागाकर्ती: बझरच्याच तारेत, दादा. वाजला की स्विच बंद करते, टाकी उतरली की परत चालू.

शंभर_ओहम: तिथेच गोम आहे. बझर गप्प झाला तरी पाण्यातून बेसला जाणारा करंट चालूच राहिला. पाण्याचा रोध २५ के धरा, त्यात तुमचे १० के. नऊतून बेसवर पडणारे ०.७ व्होल्ट वजा, उरले ८.३; ८.३ भागिले ३५ के, म्हणजे पाव मिलिअँपिअरला थोडा कमी. दिसायला क्षुल्लक, पण तो एकाच दिशेने वाहतो. प्लसच्या तारेचं तांबं विरघळतं, मायनसच्या बाजूला हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात, म्हणून ती तार शाबूत. एवढ्या करंटला तासाला सुमारे ०.२८ मिलिग्रॅम तांबं जातं. दिवसाला दहा तास तारा पाण्यात असतील तर तीन मिलिग्रॅम, तीन आठवड्यांत साठ. अर्धा मिलिमीटर जाडीच्या एक सेंटिमीटर तारेत जेमतेम १८ मिलिग्रॅम तांबं असतं. तुमची तार कुठे गेली ते आलं ना लक्षात?

पाण्याची भीती बाळगू नका. पाचशे लिटरमध्ये तीन मिलिग्रॅम म्हणजे लिटरला ०.००६ मिलिग्रॅम. आपल्या आयएस १०५०० मानकात पिण्याच्या पाण्याला ०.०५ ची स्वीकार्य मर्यादा आहे. तरीही उघडं तांबं आणि डीसी (एकाच दिशेचा करंट) घरच्या टाकीत ठेवू नका. मीटरचा आकडा सरकतो तोही याच कारणाने. मीटर स्वतः डीसी सोडतो, तारांपाशी आयन गोळा होतात आणि रोध वाढल्यासारखा दिसतो.

कुईं-कुईं बेसमुळे. तुमचा बेस अधांतरी आहे. गच्चीवर टेप गुंडाळलेला जोड पावसात ओलसर झाला, तिथून सात-आठ मायक्रोअँपिअर गळले, तरी ट्रान्झिस्टर त्याचे दोनशेपट करतो. बेस आणि एमिटरमध्ये ४७ के टाका (पिवळा, जांभळा, नारिंगी). एवढी गळती मग त्यातूनच निघून जाईल. सोबत १०४ नंबरचा (०.१ मायक्रोफॅरड) कॅपॅसिटर लावा, म्हणजे लांब तारेवर घरच्या वायरिंगची गुणगुण आली तरी तिथेच जिरेल.

आणि टाकीसाठी छोटा फ्लोट स्विच घ्या. आत काचेच्या नळीत रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणाऱ्या पट्ट्या) असतो, तरंगणाऱ्या गोळ्यात चुंबक. पाण्याला करंट लागतच नाही. मुंबईत ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल.

रबाळे_पाळी: मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, रोज मोटरींशीच गाठ. ताई, तुमचा हात धजला नाही ते फार बरं झालं. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर चालताना तीन-चार अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या कैक पट ओढते. त्या निळ्या चौकोनी रिलेवर दहा अँपिअर लिहिलेलं असलं तरी मोटरच्या धक्क्याने त्याचे पॉइंट चिकटतात. मग तुमचं सर्किट ‘बंद’ म्हणतंय आणि मोटर चालूच, अशी गत. त्यात गच्ची ओली, हात ओले.

तुम्ही बॅटरीच्या बाजूलाच राहा, शिकायला तिथे वर्षानुवर्षं पुरेल एवढं आहे. मोटर आपोआप बंद हवीच असेल तर परवानाधारक वायरमनकडून काँटॅक्टरचा (मोटरचा धक्का सोसणाऱ्या दणकट रिलेचा) स्टार्टर बसवून घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते बघा. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. आणि नेटवर बिनट्रान्सफॉर्मरचा, कॅपॅसिटरवरचा सप्लाय दिसेल, तो करू नका. आउटपुटला बारा व्होल्ट दिसले तरी त्याची एक तार थेट मेन्सलाच, म्हणजे घरच्या २३० व्होल्टला जोडलेली असते.

धागाकर्ती: दोघांचे मनापासून आभार. रविवारी ठाण्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड असं करून फ्लोट स्विच आणला. आधी बादलीत लावून पाहिला तर उलटंच! बादली रिकामी असताना बझर वाजतोय, भरली की गप्प. दुकानदाराला फोन करणार होते, तेवढ्यात लेकीने खालची क्लिप काढून गोळा उपडा घातला. आता पाणी चढलं की वाजतो. आमच्या घरात त्या दिवशी बादली सात-आठ वेळा भरली गेली.

मोटरला हात लावणार नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघितलं, खटकन पडली. ट्रान्झिस्टरचं सर्किट मोडलेलं नाही, ४७ के टाकून ब्रेडबोर्डवर ठेवलंय, स्टीलच्या पेल्यात तारा बुडवून दोघी रोज काहीतरी मोजतो.

आता एवढंच सांगा: बझर वाजल्यावर गॅस बारीक करून स्विचपर्यंत पोचायला मला मिनिटभर लागतं. मोटर मिनिटाला साधारण पंचवीस लिटर चढवते. मग गोळा ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या किती खाली बसवू? टाकीचा आतला व्यास मोजला, ८२ सेंटिमीटर भरला.

शंभर_ओहम: मग उत्तर तुमच्याच वहीत निघेल. ८२ व्यासाला एक सेंटिमीटर उंची म्हणजे सव्वापाच लिटरच्या आसपास. मिनिटाला पाच सेंटिमीटर पाणी चढतं. दहा खाली बसवा, दूध उतू जात असलं तर तेही उतरवून होईल.

धागाकर्ती: दहा. आज संध्याकाळी चढवते. काकूंनाही गच्चीवर बोलावलंय.